ऑस्कर, एंजल, निऑन: चार फुटी टाकीत कोण राहील, कोण जाईल

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलुंडला फ्लॅट, हॉलमध्ये चार बाय दीड बाय दीड फुटांची माशांची टाकी, सुरू होऊन दोनेक महिने झालेत. आत दोन एंजल, जर्मन रॅमची जोडी, एक सकर, एक ऑस्कर आणि दहा निऑन टेट्रा. ऑस्कर आणला तेव्हा दोन इंचांचा होता, आता चारकडे झुकलाय. निऑन सातच दिसतात. दुकानदाराने सांगितलं होतं, 'सगळे साउथ अमेरिकन आहेत, बिनधास्त एकत्र ठेवा.' तुम्ही विचारलंय की तीन निऑन गेले कुठे, आणि या टाकीत अजून कोणकोणते सिक्लिड, म्हणजे एंजल, रॅम आणि ऑस्कर ज्या कुळातले आहेत ते मासे, चालतील.

निऑन ऑस्करने खाल्ले. मेलेला मासा कुठेतरी सापडतो. फिल्टरच्या जाळीला चिकटलेला, झाडामागे अडकलेला, नाहीतर टाकीमागे जमिनीवर वाळलेला. एकही सापडला नाही म्हणजे तो पोटात गेला. दिवे बंद झाले की निऑनचा रंग फिका पडतो आणि ते एका जागी स्थिर राहतात, ऑस्करला पाठलागही करावा लागत नाही. उरलेले सातही असेच जाणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कदाचित तुम्हाला आवडणार नाही. अजून काय आणायचं ते नंतर बघू, आधी यातलं काय काढायचं ते ठरवावं लागेल.

दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. तुमच्या टाकीतले सगळे मासे खरोखरच दक्षिण अमेरिकेतले आहेत. पण त्या शिक्क्यावरून मासा कुठला ते कळतं, तो कोणाबरोबर राहील ते कळत नाही. ब्राझीलमध्ये मानाउस शहरापाशी रिओ नेग्रो आणि सोलिमोइस या नद्या भेटतात आणि त्यांचं पाणी सुमारे सहा किलोमीटर न मिसळता शेजारी-शेजारी वाहतं. एकीचं पाणी कुजलेल्या पाल्याच्या अर्काने काळसर, आम्ल, क्षार जवळजवळ नसलेलं. दुसरीचं गाळाने मातकट, पीएच ७ च्या जवळ, म्हणजे ना आम्ल ना अल्कधर्मी. तपाजोस आणि शिंगू या नद्यांचं पाणी तिसऱ्याच जातीचं, नितळ. तुमचा रॅम तर अमेझॉनचा नाहीच, तो व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोकोच्या खोऱ्यातला. ग्रीन टेरर नावाने जो मासा मिळतो तो अँडीज पर्वताच्या पलीकडे, इक्वाडोर आणि पेरूमधून पॅसिफिककडे वाहणाऱ्या नद्यांतला. आणि जिथे ऑस्कर आणि छोटे टेट्रा एकाच पाण्यात राहतात तिथेही त्यांचं नातं तेच असतं, जे तुमच्या टाकीत दिसलं. फरक एवढाच, की नदीत पळायला जागा असते.

बाजारात याच शिक्क्याखाली भलतेच मासेही विकले जातात. कॉन्व्हिक्ट, फायरमाउथ, जॅक डेम्प्सी हे मध्य अमेरिकेतले. जोडी लागलेला कॉन्व्हिक्ट बोटभर लांबीचा असूनही अख्खी टाकी वेठीला धरतो. फ्लॉवरहॉर्न आणि पॅरट हे माणसाने केलेले संकर, मूळचे कुठल्याच नदीतले नाहीत. पिवळे-निळे झगमगीत मलावी सिक्लिड आफ्रिकेतल्या तलावातले, त्यांना कठीण (जास्त क्षारांचं), अल्कधर्मी पाणी लागतं. हे सगळे तुमच्या यादीतून आत्ताच खोडा.

मी गेली बरीच वर्षं लोकांच्या घरी टाक्या लावून देतो आणि सांभाळतो. टाकी लावण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: मुख्य मासा कोणता? सिक्लिडची टाकी 'थोडं हे, थोडं ते' अशी भरत नाही. एक मासा मनात पक्का करायचा, टाकीचा आकार, वाळू, लाकूड, पाणी त्याला बघून ठरवायचं आणि बाकीचे सगळे त्याच्या सोयीने निवडायचे. आणि तो मासा निवडताना दुकानात दिसतो तो मासा डोळ्यांसमोर ठेवायचा नाही. दुकानात असतात ती जवळजवळ सगळी पिल्लं. पिल्लू कोणाशीही जमवून घेतं. तुम्हाला विचार करायचाय तो त्या दिवसाचा, ज्या दिवशी तो पूर्ण वाढलेला असेल आणि त्याच्या जोडीने अंडी घातलेली असतील. त्या दिवशी टाकीत जे राहू शकतात ते त्याचे खरे सोबती.

एंजलवरून सांगतो, कारण तुमच्याकडे तेच आहेत. चार-सहा एंजल महिनोन्महिने एकत्र फिरतात, खाताना थोडी ढकलाढकली होते, बाकी काही नाही. मग एके सकाळी त्यातले दोघं फिल्टरच्या पाइपपाशी घुटमळायला लागतात. तोंडाने पाइप खरडतात, खरडून थोडे मागे होतात, पुन्हा खरडतात. समोरासमोर येऊन अंगाला थरथर आणतात. पोटाखाली बारीक नळी बाहेर आलेली दिसते, मादीची जरा जाड आणि बोथट, नराची टोकदार. संध्याकाळपर्यंत पाइपवर अंड्यांच्या सरळ ओळी लागलेल्या असतात, दोघं आळीपाळीने छातीच्या पंखांनी त्यांच्यावर पाणी हलवत असतात, आणि बाकीचे एंजल पार पलीकडच्या वरच्या कोपऱ्यात पंख मिटून उभे असतात. चार फुटी टाकीत जोडी लागली की इतरांच्या वाट्याला लोकलमधली चौथी सीट येते, तीही जोडीची मर्जी असेपर्यंत. मला फोन येतात ते याच वेळी: 'कालपर्यंत सगळे मजेत होते, अचानक काय झालं?' अचानक काहीच झालेलं नसतं, मासे वयात आलेले असतात.

म्हणून एंजल मुख्य मासा ठेवायचा असेल तर दोन रस्ते आहेत. नाण्याएवढी पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवायची, जोडी लागली की जोडी ठेवून बाकीचे द्यायचे. ते कोणाला द्यायचे हे आधीच ठरवून. किंवा पाच-सहा ठेवूनच द्यायचे, मध्ये उभी लाकडं आणि झाडं अशी लावायची की एका टोकाचा एंजल दुसऱ्या टोकाला दिसणार नाही, आणि अधूनमधून फाटलेले पंख मान्य करायचे. 'दोन आणले, जोडी असेल' हा हिशोब मात्र बहुतेक वेळा चुकतो. एंजलचे नर-मादी लहानपणी ओळखता येत नाहीत. दोन नर निघाले तर त्यातला एक वर्षभर मार खात राहतो. तुमचे दोन वाढल्यावर काय करतात ते बघा. भांडले तर एक हलवा, एकटा एंजल मिसळीच्या टाकीत छान राहतो.

उंचीचंही सांगतो. एंजलची लांबी १५ सेंटिमीटरच्या आसपास जाते, पण वरच्या आणि खालच्या पंखांसकट उंची २० च्या पुढे जाते. दीड फूट म्हणजे ४५ सेंटिमीटर; वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली की हाताशी ३७-३८ उरतात. चालतं, पण याहून बुटक्या टाकीत एंजल ठेवू नका. नवी टाकी करून घेणाऱ्यांनी दोन फूट उंची घ्यावी.

दुसरा पर्याय, माझा सर्वांत आवडता, म्हणजे जिओफॅगस. इथे त्याची रेडहेड तपाजोस ही जात बऱ्यापैकी मिळते. हा मासा दिवसभर एकच काम करतो. तोंड वाळूत खुपसतो, मूठभर वाटावी इतकी वाळू तोंडात घेतो, चावल्यासारखं करतो आणि कल्ल्यांच्या फटीतून ती दोन्ही बाजूंनी खाली गळू देतो. खाण्याजोगा कण आत राहतो. पाच-सहा जण ओळीने हे करत जात असले की माणूस जेवायचं विसरतो. पण याच कारणामुळे त्याला बारीक वाळूच लागते. रंगीत खडे किंवा धारदार बजरी असली की तोंड आणि कल्ले सोलून निघतात आणि बिचारा खायचंच सोडतो. गटात ठेवायचा, पाचाच्या खाली नाही, नाहीतर सगळा राग एकाच कमजोर माशावर निघतो. तुमच्या टाकीची अडचण रुंदीत आहे. १५ सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्या माशांना वळायला दीड फूट कमी पडते, दोन फूट हवी. पुढे कधी टाकी बदलाल तेव्हा चार बाय दोन बाय दोन करा आणि हा मासा आणा. उंचीवर खर्च करण्यापेक्षा तळाच्या क्षेत्रफळावर करा, हे मी एंजल आणि डिस्कस सोडून सगळ्या सिक्लिडना लावतो. हद्दी आखल्या जातात त्या तळावर.

रॅम आणि अपिस्टोग्रामा हे बुटके सिक्लिड. पाच ते आठ सेंटिमीटरचे, तळाशी राहणारे. चार फुटी टाकीत हे आणि एंजल एकत्र छान राहतात, कारण एंजल मधल्या थरात असतो आणि हे खाली. जर्मन रॅमला मऊ (कमी क्षारांचं) आणि कोमट पाणी आवडतं, २७ ते ३० अंश. मुंबई त्याला मानवते. दुखणं त्याच्या पैदाशीचं आहे. पिढ्यान्‌पिढ्या रंग आणि फुगीर आकारासाठी निवडून काढलेले मासे येतात, आणि खूपसे नाजूक निघतात. दुकानात रॅम घेताना एकच अट घाला: माझ्यासमोर खायला घाला. खाल्लं तर घ्या. कोपऱ्यात काळवंडून उभा असलेला, पोट आत गेलेला, पांढरी धाग्यासारखी विष्ठा लोंबणारा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. बोलिव्हियन रॅम रंगाने साधा, पण कितीतरी कणखर. नवख्याला मी तोच सुचवतो. अपिस्टोग्रामामध्ये कॅकाटुऑइडिस सहज मिळतो. एक नर आणि दोन-तीन माद्या, आणि प्रत्येक मादीला स्वतंत्र गुहा. गुहा विकत घेऊ नका. नारळाची करवंटी उकळून, काथ्या खरवडून, कडेला बोट जाईल एवढं भोक पाडून उपडी ठेवा. अंडी घातलेली मादी गडद पिवळी होते आणि आपल्या तिप्पट माशालाही हाकलते. ते बघायला मिळावं म्हणूनच हा मासा ठेवायचा.

इलेक्ट्रिक ब्लू अकारा हा मधल्या आकाराचा, १२ ते १५ सेंटिमीटर, शांत स्वभावाचा आणि दिसायला देखणा. एंजलबरोबर एखादा चालतो, पण रॅम असलेल्या टाकीत मी टाकत नाही. जोडी लागली की तळाची मालकी अकाराकडे जाते. सेव्हरम वीस सेंटिमीटरचा होतो आणि झाडं भाजीसारखी खातो, त्याच्यासाठी निराळी, मोठी टाकी लागते. डिस्कसबद्दल इथे फार बोलत नाही. सहाचा गट, २८ ते ३० अंश, रोजच्या रोज स्वच्छता, आणि एंजलसारखे खादाड शेजारी बिलकूल नकोत, एवढं पुरेसं आहे.

आता ऑस्कर. वाईट मासा नाही. माणूस ओळखतो, टाकीपाशी आलात की काचेपाशी येतो, रुसतो, आणि दहा वर्षं सहज जगतो. पण पहिल्या वर्षात तो महिन्याला जवळजवळ इंचभर वाढतो आणि फुटाच्या आसपास पोचतो. तुमची टाकी काठोकाठ २५५ लिटरची. वाळू, लाकूड वजा जाता दोनशेच्या आसपास पाणी. त्यात पूर्ण वाढलेला एक ऑस्कर म्हणजे आठवड्यातून दोनदा पाणी बदलायची तयारी, तीही दुसरा मासा न ठेवता. त्याला किमान चार बाय दोन बाय दोन हवी, सोबतीला सिल्व्हर डॉलरसारखे चपटे, मोठे, पळणारे मासे हवेत तर सहा फूट. तुमच्या घरात सगळ्यांचा जीव ऑस्करवरच असेल तर मग तोच मुख्य मासा. बाकीचे सगळे बाहेर. माझं मत विचाराल तर ऑस्कर परत करा. क्रॉफर्ड मार्केटमध्ये आणि कुर्ल्यात बरेच दुकानदार चार-पाच इंचांचा निरोगी ऑस्कर आनंदाने घेतात, बदल्यात दुसरे मासे देतात. आठ-दहा इंचांचा झाल्यावर घेणारा शोधावा लागतो, म्हणून उशीर नको.

सकरही जायला हवा. टाकी साफ करणारा मासा म्हणून तो खपवला जातो. प्रत्यक्षात तो दीड फुटाच्या घरात जातो, खाण्यापेक्षा घाण जास्त करतो आणि मोठेपणी रात्री एंजल, डिस्कससारख्या चपट्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर खरवडतो. त्याऐवजी ब्रिसलनोझ प्लेको आणा. १२ सेंटिमीटरवर थांबतो आणि शेवाळ खरोखर खातो. टाकीत लाकडाचा तुकडा हवा, तो त्याला चघळायला लागतो. एक हात जोडून विनंती: सकर पवईच्या किंवा ठाण्याच्या तलावात सोडून 'जीव वाचवला' असं समाधान मानू नका. हा मासा आंध्रात आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत पसरून मच्छीमारांच्या जाळ्यांची आणि स्थानिक माशांची नासाडी करतोय. दुकानात परत द्या.

सोबतीच्या माशांचं काम फक्त शोभेचं नसतं. सिक्लिड भित्रा असतो. मोकळ्या पाण्यात टेट्राचा थवा निर्धास्त फिरताना दिसला की त्याला धोका नाही असं वाटतं आणि तो लाकडामागून बाहेर येतो. टेट्रा आणल्यावर एंजल दिवसभर समोर राहू लागले, हे मी पुष्कळ घरांत बघितलंय. कोणते टेट्रा, तर वाढलेल्या एंजलच्या तोंडात न मावणारे. रमीनोझ उत्तम; थवा करून पोहतो, गरम पाणी सोसतो, आणि पाणी बिघडलं की नाकाचा लाल रंग फिका पडून आधी सांगतो. लेमन, ब्लीडिंग हार्ट हे उंच अंगाचे, तेही चांगले. निऑन दोन कारणांनी नको. तो वाढलेल्या एंजलचं खाद्य आहे, आणि त्याला २५-२६ अंशांच्या आतलं पाणी मानवतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत टाकी ३०-३१ वर जाते. तेच निळे-लाल पट्टे हवे असतील तर कार्डिनल टेट्रा गरम पाण्यातला आहे, पण तो पूर्ण वाढलेला घ्या आणि एंजल लहान असतानाच त्यांच्या आधी टाकीत रुळवा. सेरपे टेट्रा आणि टायगर बार्ब यांना एंजलचे लांब पंख दिसले की राहवत नाही, कुरतडून ठेवतात. ते नकोतच.

तळाला कोरीडोरास हे छोटे कॅटफिश, सहाचा गट. मुंबईच्या उन्हाळ्यात स्टरबाय जातीचा टिकतो, पांडा जातीला उष्णता सोसत नाही. मोठ्या सिक्लिडबरोबर कोरी ठेवू नका. घाबरला की तो कल्ल्यामागचे काटे ताठ करतो आणि गिळणाऱ्या ऑस्करच्या घशात अडकतो, दोघंही मरतात.

आता पाणी. या बाबतीत मुंबईकर नशीबवान आहे. भातसा, वैतरणा, तानसा, मोडकसागर, विहार, तुळशी, सगळीकडचं पाणी पावसाचं आणि बेसॉल्टच्या डोंगरांवरून उतरलेलं, त्यामुळे मऊ. महापालिकेच्या नळाखाली टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) धरलात तर बहुतेक ठिकाणी शंभराच्या आसपास किंवा त्याखाली आकडा येतो. दक्षिण अमेरिकन माशांसाठी याहून चांगलं पाणी विकत मिळणार नाही. पीएच कमी करण्याच्या बाटल्या घेऊ नका. भानगड असते ती टँकर आणि बोअरवेलची. बऱ्याच सोसायट्यांत फ्लशला बोअरचं पाणी असतं आणि टंचाईत ते पिण्याच्या टाकीतही मिसळतं; मग टीडीएस पाचशेच्या वर जाऊ शकतो. म्हणून दोनेकशे रुपयांचं मीटर घ्या आणि पाणी बदलण्याआधी एकदा बुडवा. आकडा अचानक वाढलेला दिसला तर त्या दिवशी पाणी बदलू नका. सोसायटीची टाकी धुतली त्या दिवशीही नको, ब्लीचिंग पावडरचा अंश दोन-तीन दिवस राहतो. एरवी बादलीत किंवा ड्रममध्ये पाणी भरून, अँटी-क्लोरीन घालून, एअर पंप सोडून रात्रभर ठेवायचं आणि आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा बदलायचा.

मऊ पाण्याची एक दुसरी बाजू आहे. त्यात आम्ल शोषून घेणारे क्षार कमी, त्यामुळे महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत पीएच हळूहळू घसरत जातो आणि ६ च्या खाली फिल्टरमधले, माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात. अमोनिया साठतो, पण आम्ल पाण्यात तो बराचसा बिनविषारी रूपात असतो, म्हणून मासे तग धरतात. मग एक दिवस मालक जागा होतो आणि निम्म्याहून जास्त पाणी एका दमात बदलतो. पीएच वर जातो. प्रत्येक एका अंकामागे विषारी अमोनियाचा वाटा जवळजवळ दसपट होतो. मासे त्या रात्री मरतात आणि दोष नळाच्या पाण्याला मिळतो. दर आठवड्याला थोडं बदलत राहिलं की ही वेळ येत नाही.

उन्हाळ्यात हवेकडे लक्ष द्या. २५ अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० अंशांना साडेसात. मासे मात्र गरम पाण्यात जास्त श्वास घेतात. फिल्टरचा प्रवाह पृष्ठभाग हलवेल असा फिरवा, झाकण थोडं उघडं ठेवून वर जाळी घाला आणि छोटा पंखा पाण्यावर सोडा. आपल्या दमट हवेत त्याने एक-दोन अंशच उतरतात, पण पुरतात. जानेवारीत उलट, रात्री पारा खाली येतो तेव्हा रॅमसाठी हीटर २७ वर लावून ठेवा.

वाळू बारीक, नदीची, चाळून पाणी नितळ होईपर्यंत धुतलेली. चौपाटीची नको, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि तो मऊ पाणी कठीण करत राहतो. शंका असेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाका. फेस आला तर फेकून द्या. आणि बदामाची पानं. रस्त्याकडेचा आपला देशी बदाम पानगळीत लाल पानं टाकतो. रहदारीपासून लांबच्या झाडाखालची, पूर्ण वाळलेली, डाग नसलेली पानं गोळा करा, धुऊन तीन-चार टाकीत सोडा. पाणी किंचित तपकिरी होतं, रॅमना आणि अपिस्टोना ते फार आवडतं. दुकानात हीच पानं पाकिटात घालून विकतात.

तुमच्या टाकीत मी काय करेन ते आता क्रमाने सांगतो. या आठवड्यात ऑस्कर आणि सकर बाहेर. निऑन आहेत तोवर राहू द्या, नवे आणू नका. दगड-लाकडं बाहेर काढून पुन्हा वेगळी मांडा, मधोमध एक आडवा ओंडका असा ठेवा की तळाचे दोन भाग पडतील. मांडणी बदलली की जुन्या हद्दी पुसल्या जातात. दोन आठवडे अमोनिया आणि नायट्राइट (अमोनिया पचताना तयार होणारं, तेही विषारीच) शून्य येतात का ते बघा. मग बारा रमीनोझ. पुढे सहा स्टरबाय कोरी. त्यानंतर ब्रिसलनोझ एक. एंजल आणि रॅम आहेतच, त्यामुळे सिक्लिड यापुढे एकही नाही. तुम्ही विचारलं होतं अजून कोणते टाकता येतील. या आकारात हीच संख्या भरपूर आहे. प्रत्येक नवा मासा आधी दोन फुटी साध्या टाकीत दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग बाजारातूनच येतो, आणि भरलेल्या टाकीत औषध घालणं हा निस्तरायला फार महाग प्रकार आहे.

खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढं. चांगल्या प्रतीचे छोटे दाणे मुख्य, आठवड्यातून एक-दोनदा गोठवलेल्या ब्लडवर्म अळ्या, कधी कोळंबी सोलून अगदी बारीक चिरून. जिवंत ट्युबिफेक्स किडे गटारातून गोळा होतात, ते मी कोणाच्याच टाकीत घालू देत नाही.

शेवटी तुम्ही गणपतीला आठ दिवस कोकणात जाण्याबद्दल विचारलंय. वाढलेले, धडधाकट मासे आठवडाभर उपाशी राहतात, त्यांना काही होत नाही. सुट्टीत टाकायच्या म्हणून ज्या पांढऱ्या वड्या मिळतात त्या नकोत, पाणी खराब करतात. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदला, आदल्या दिवशी नको, म्हणजे काही बिघडलं तर तुमच्या डोळ्यांसमोर बिघडेल. शेजारच्या काकूंकडे किल्ली देणार असाल तर डबा देऊ नका. कागदाच्या दोन पुड्या बांधा, त्यावर वार लिहा, आणि डबा कपाटात कुलपात ठेवा. माशांनी काचेपाशी येऊन तोंड उघडलं की कोणालाही दया येते, आणि परत येईपर्यंत अख्खा डबा टाकीत गेलेला असतो. एअर पंप मात्र इन्व्हर्टरच्या पॉइंटला लावून जा. मुंबईत वीज सहसा जात नाही, पण गेली आणि घरात कोणी नसलं तर भरलेल्या टाकीतले मासे काही तासांत गुदमरतात.